बाजारातून आणलेली तरुण घोडी : आधी माणसाळवा, मगच कळपात सोडा

मार्गशीर्ष संपत आला की आपल्या भागात नवी घोडी दिसू लागतात. दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी घोडेबाजार भरतो, त्याच सुमारास नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा असते. चिकोडी, रायबाग, अथणी, निपाणीकडचे शौकीन चार-पाच जण मिळून टेम्पो करतात, दोन रात्री काढतात आणि येताना मागं एखादं शिंगरू किंवा दीड-दोन वर्षांची घोडी घेऊन येतात. वेशीवर गुलाल होतो, नारळ फुटतो, मोबाईलवर फोटो फिरतात. तिथंपर्यंत सगळं छान असतं.

अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. घोडी हात लावू देत नाही. तोबरा दिला तर मागं सरकते, दोर ओढला तर मागच्या दोन पायांवर उभी राहते. घरात आधीची दोन-तीन घोडी असली तर कुणीतरी म्हणतं, सोडा तिला त्यांच्यात, आपोआप शिकेल. सोडतात. मग काटेरी तारेत अडकून फाटलेली छाती किंवा लाथ बसून सुजलेला गुडघा घेऊन डॉक्टरांकडं पळापळ होते. हे टाळता येतं. त्याला पैसाही फारसा लागत नाही, लागतो तो महिनाभराचा वेळ आणि कामांचा क्रम नीट ठेवणं.

क्रम साधा आहे. आधी घोडी वेगळी ठेवायची, त्या काळात तिला माणसाची सवय लावायची आणि मग टप्प्याटप्प्यानं कळपात न्यायची. उलटं केलं तर काय होतं? कळपात सोडलेली, हाताला न येणारी घोडी जखमी झाली तर तिला धरायचं कसं, हाच पहिला प्रश्न उभा राहतो. चार माणसं, दोर, आरडाओरडा, आणि त्या एका दिवसात ती माणसाबद्दल जे शिकते ते विसरायला वर्ष जातं.

वेगळं ठेवणं कशासाठी

लोकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण सगळ्यात महाग चूक इथंच होते. बाजारात शेकडो घोडी एकाच हौदावर पाणी पितात, एकमेकांच्या तोंडाला तोंड लावतात. स्ट्रँगल्स नावाचा घशाचा आजार (जबड्याखाली गाठी येतात, नाकातून पू येतो) संसर्ग झाल्यावर 3 ते 14 दिवसांनी दिसतो. म्हणजे बाजारात टुणटुणीत दिसलेली घोडी तुमच्या दावणीला आल्यावर आजारी पडू शकते आणि घरची सगळी घोडी घेऊन बसते.

त्याहून भयंकर ग्लँडर्स. घोडे, गाढवं आणि खेचरांना होणारा हा जिवाणूजन्य आजार माणसालाही होतो. नाकातून चिकट स्राव, नाकात व्रण, पायांवर आणि अंगावर गाठी येऊन फुटणं ही त्याची लक्षणं. काही जनावरांत लक्षणं बराच काळ दिसतही नाहीत. घोड्याला यावर उपचार केले जात नाहीत. तपासणीत रोग पक्का झाला की कायद्यानं जनावर नष्ट करावं लागतं आणि आसपासच्या घोड्यांच्या हालचालीवर बंदी येते. बरीच वर्षं थंडावलेला हा रोग 2006 मध्ये महाराष्ट्रात पुन्हा दिसला आणि नंतर देशातल्या अनेक राज्यांत सापडला. रक्ताच्या नमुन्याची पक्की तपासणी हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात होते, नमुना पाठवायचं काम सरकारी पशुवैद्यक करतात. आपण सीमेवरची माणसं. घोडी महाराष्ट्रातून कर्नाटकात आणताना किंवा इकडून तिकडं नेताना पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला जवळ पाहिजेच. पण तो नाक्यावर दाखवायचा कागद एवढाच धरू नका. ग्लँडर्सची तपासणी झाली आहे का, हे विकणाऱ्याला पैसे देण्याआधी विचारा, नंतर नाही.

म्हणून घोडी आणल्यावर किमान 21 दिवस, जमलं तर 30 दिवस वेगळी. अंतर किती? शिंक पोचणार नाही, पण हाक पोचेल इतकं. तिला बाकीची घोडी लांबून दिसली पाहिजेत. घोडा हा कळपाचा प्राणी आहे. चार भिंतींच्या आत एकटा कोंडला तर तो चालत राहतो, घाम काढतो, खाणं टाकतो. जुनी माणसं अशा वेळी सोबतीला शेळी बांधायची, तो उपाय आजही चांगला आहे. बादली, तोबरा, खरारा सगळं वेगळं ठेवायचं. आधी घरच्या घोड्यांचं काम उरकायचं आणि शेवटी नवीचं, हात धुऊन.

रोज सकाळी ताप बघा. निरोगी घोड्याचं अंग 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असतं. सलग दोन वेळा त्याच्या वर गेलं तर डॉक्टर. धनुर्वाताची लस दिली आहे का हे माहीत नसेल तर दिली नाही असंच धरा. धनुर्वाताला घोड्याइतकं नाजूक दुसरं पाळीव जनावर नाही, आणि नालाच्या खिळ्याची एक जखम त्याला पुरते. जंताचं औषध, रेबीजची लस, सगळं याच महिन्यात उरकून टाका.

खाण्याचं एक सांगतो. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात बिघडलं की वर यायला वाट नाही, म्हणून पोटदुखीनं घोडी मरतात. बाजारात ती वाळलेलं गवत खात असेल आणि तुम्ही प्रेमापोटी पहिल्याच दिवशी पाटीभर हरभरा पुढं केला, तर ते प्रेम तिला भोवेल. विकणाऱ्याकडून चार दिवसांचा तिचा नेहमीचा चारा मागून घ्या आणि आपला चारा 7 ते 10 दिवसांत हळूहळू वाढवत न्या. हिशेब असा : वजनाच्या साधारण 2 टक्के सुका चारा रोज. घोडी 250 किलोची असेल तर 5 किलो, आणि त्यात मुख्य भाग गवताचाच. चंदी वरून, थोडी. पाणी कायम पुढ्यात.

वय दातावर बघा, बोलण्यावर नाही

बाजारात प्रत्येक शिंगरू "अडीच वर्षांचं" असतं. आपल्याकडं बैलाचे दात बघायची सवय सगळ्यांना आहे, घोड्याचं गणित फार वेगळं नाही. समोरच्या दातांपैकी मधली जोडी वर आणि खाली साधारण अडीच वर्षांच्या सुमारास पडून पक्की येते, तिच्या बाजूची जोडी साडेतीनला आणि कडेची साडेचारला. दुधाचे दात लहान, पांढरे, मुळाशी आवळलेले. पक्के दात मोठे, रुंद, पिवळसर. सगळे दुधाचेच असतील तर समोर लेकरू उभं आहे असं समजा, मग उंची कितीही असो.

वय का महत्त्वाचं? कारण पाठीच्या मणक्यांची वाढ पाचव्या वर्षाच्या पुढंपर्यंत चालू असते. दोन वर्षांच्या घोडीवर 70 किलोचा माणूस बसवला तर तिची पाठ त्या दिवशी मोडत नाही, सहाव्या वर्षी दुखू लागते आणि तेव्हा लोक म्हणतात घोडी खोडील आहे. तीन वर्षांच्या आत पाठीवर वजन नको, हे बहुतेक जाणकार मान्य करतात. पण माणसाळवायला वयाची अट नाही. उलट जितकं लवकर तितकं सोपं.

घोडीला जग कसं दिसतं

"घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये" ही म्हण आपल्याला पाठ आहे. (दुसऱ्या अर्ध्या भागाचा अनुभव सीमाभागातल्या माणसाला वेगळा सांगायला नको.) पहिल्या अर्ध्यामागं शरीरशास्त्र आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळं त्याला जवळजवळ सभोवार दिसतं. फक्त दोन जागा अंधाऱ्या : एक बरोबर शेपटीमागं आणि दुसरी कपाळाच्या अगदी समोर, नाकाजवळ. म्हणून समोरून थेट जाऊन कपाळावर हात ठेवायला जाणारा माणूस तिच्या दृष्टीनं एकदम गायब होऊन अंगावर येतो. लहान मुलं नेमकं तेच करतात.

घोडा शिकार होणारा प्राणी आहे. वाघ-लांडग्यांनी लाखो वर्षं त्याला एकच गोष्ट शिकवली : आधी पळ, विचार नंतर कर. तुमच्या खांद्यावरचा टॉवेल वाऱ्यानं फडफडला आणि घोडी बुजली, तर त्यात वेडेपणा नाही. ती टॉवेल कधी भेटलेली नाही, एवढंच.

जवळ जायचं ते खांद्याच्या रोखानं, तिरकं, हळू बोलत. नजर तिच्या डोळ्यात रोखायची नाही. ती मान वर करून कान ताठ करेल आणि अंग आवळेल, तिथं थांबायचं. पुढं एक पाऊलही नाही. तिनं मान खाली घेतली, ओठ चाटले, एक मागचा पाय सैल सोडला की तुम्ही पाठ फिरवून दोन पावलं मागं जायचं. माणसं इथंच चुकतात. घोडी जरा शांत झाली की त्यांना वाटतं आता पुढं जावं. पण घोडा शिकतो तो दाब सुटल्यावर, दाब दिल्यावर नाही. तुम्ही जवळ येणं हा तिच्यावरचा दाब. ती शांत उभी राहिली आणि त्याच क्षणी तो दाब सुटला, म्हणजे तिला कळतं की उभं राहिल्यानं सुटका होते. ती बुजून पळाली आणि तेव्हा तुम्ही मागं सरलात, तर ती शिकते की पळाल्यानं सुटका होते. शिकणं दोन्ही वेळेला होतंच. वेळ एका सेकंदाची असते, पाच सेकंद उशीर झाला की तिला संबंध लागत नाही.

पहिला स्पर्श कपाळाला किंवा तोंडाला नको. मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यापाशी, आयाळीच्या बुडाला, बोटांनी खाजवा. घोडी एकमेकांशी मैत्री करतात ती याच जागी दातांनी खाजवून, आणि तिथं खाजवलं की घोड्याच्या काळजाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेलं आहे. थोपटू नका. थोपटणं माणसाला आवडतं, नवख्या घोडीला ते मारल्यासारखंच वाटतं. खाजवताना वरचा ओठ लांब होऊन थरथरायला लागला की समजा बरोबर जागा सापडली.

हातावरून गूळ देण्याचा मोह आवरा. पहिल्या महिन्यात तर नकोच. तरुण घोडी आठ दिवसांत खिसे धुंडाळायला आणि बोटं चावायला शिकते. खाऊ द्यायचा तर बादलीत.

रोज दोनदा, पंधरा-वीस मिनिटं. एका दिवशी दोन तास केलं आणि मग चार दिवस कुणी फिरकलं नाही, त्याचा उपयोग नाही.

म्होरकी, दोर आणि पाय

म्होरकी घालण्याआधी दोर तिच्या मानेवरून, पाठीवरून, पायांवरून फिरवून तिला त्याची सवय होऊ द्या. मग म्होरकी हुंगू द्या, नाकावरून सरकवा, काढा. पुन्हा सरकवा, पुन्हा काढा. अंगावर ठेवून दिवसभर सोडू नका. खुंटीत किंवा स्वतःच्याच मागच्या पायात अडकून मान मोडलेल्या घोड्यांच्या गोष्टी प्रत्येक पागेत ऐकायला मिळतात.

चालवायला शिकवताना समोर उभं राहून ओढायचं नाही. 250 किलोशी रस्सीखेच तुम्ही जिंकणार नाही, आणि जनावराला ते कळलं की संपलं. बाजूला उभं राहून दोर किंचित ताणा आणि तसाच धरून ठेवा. तिचं वजन इंचभर जरी पुढं आलं तरी दोर लगेच सैल. मग एक पाऊल, मग दोन. ती दाबाला वळते आहे हे पक्कं झाल्याशिवाय बांधायचं नाही. बांधताना छातीच्या वर, पक्क्या खांबाला, आणि गाठ अशी की एका हिसक्यात तुम्हाला सुटावी.

पाय उचलणं हे पहिल्या महिन्यातलं सगळ्यात कामाचं शिक्षण. आपल्याकडं खानापूर, जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात चार महिने चिखल असतो. खूर रोज साफ झाला नाही तर तळव्याच्या खाचेत कुजायला लागतं आणि त्याचा वास दारापर्यंत येतो. खांद्यापासून हात खाली आणत न्या, पाय सैल झाला की दोन सेकंद उचला आणि तुम्हीच खाली ठेवा, तिनं हिसकावून घेण्याआधी. नालबंद आला तेव्हा पहिल्यांदा पाय उचलणारी घोडी आणि महिनाभर रोज उचललेली घोडी यांच्यातला फरक नालबंदाच्या चेहऱ्यावर दिसतो.

अगाडी-पिछाडीबद्दल लिहिलं नाही तर हा लेख अपुरा राहील. पुढं दोन दोर, मागं पायांना दोर, ही जुनी लष्करी पद्धत. छावणीत शेकडो घोडी जवळजवळ बांधायची तर दुसरा उपाय नव्हता. आज दावणीला दोन घोडी असताना दिवसरात्र पिछाडी घालण्याचं कारण मला तरी दिसत नाही. पाय काचतात, घोडी आडवी होऊ शकत नाही. काही ठिकाणी अजून नवी घोडी "मोडतात" : पाय बांधून पाडायची, उपाशी ठेवायची, थकेपर्यंत गोल पळवायची. तीन दिवसांनी ती मान खाली घालून उभी राहते आणि लोक म्हणतात, बघा कशी गरीब झाली. ती गरीब झालेली नसते, तिनं आशा सोडलेली असते. अशी घोडी आठ-पंधरा दिवस मुकाट राहते आणि एके दिवशी अचानक, काहीही इशारा न देता, लाथ घालते. कारण इशारे देऊन काही होत नाही हे आपणच तिला शिकवलेलं असतं.

याच्या उलटं उदाहरण बघायचं तर धनगरांचा वाडा बघावा. पाऊस संपला की मेंढ्यांबरोबर संसार घोड्यांच्या पाठीवर निघतो : भांडी, वाघूर, अंथरूण आणि वर कोंबड्या, कोकरं. घोडी हाकायचं काम बहुतेक बायकांकडं. शिंगरू जन्मल्यापासून आईच्या कुशीला लागून चालतं. कुत्री, मेंढ्या, रस्त्यावरचे ट्रक, ओढे, नदी हे सगळं ते आईच्या सावलीत बघतं. आई बुजत नाही म्हणून तेही बुजत नाही. त्याला कुणी वेगळा धडा देत नाही. ही दख्खनची बुटकी, काटक घोडी म्हणजे भीमथडी. मराठ्यांच्या फौजांची ही घोडी. करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं अलीकडं तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे, मारवाडी, काठियावाडी वगैरे सात जातींनंतरची आठवी. बडोद्याच्या वाचकांना काठियावाडी माहीत असेल, इंदूर-ग्वाल्हेरकडं मारवाडी जास्त. पण आपल्या दारावरून दरवर्षी जाणाऱ्या घोडीकडं आपण "तट्टू" म्हणून बघत राहिलो.

आणि अंकली. चिकोडी तालुक्यातल्या या गावच्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसाठी अश्व दरवर्षी पायी आळंदीला जातात. एक स्वाराचा, एक माउलींचा, त्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. रिंगणात हजारो टाळ, मृदंग, पताका आणि माणसांच्या भिंतीमधून ते धावतात. ज्यानं रिंगण पाहिलं आहे त्यानं क्षणभर विचार करावा की दोन वर्षांची बाजारातली घोडी तिथं सोडली तर काय होईल. आवाजाची अशी सवय हळूहळूच लागते : आधी लांबून, मग जवळून, आवाज वाढला की अंतर वाढवायचं, अंतर कमी केलं की आवाज कमी. वरातीसाठी घोडी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पहिल्याच लग्नात डीजेपुढं उभी केलेली घोडी नवरदेवाला पाडते, मग घोडीवाल्याची आणि वधूपक्षाची भांडणं पोलीस ठाण्यात जातात.

आता कळप

महिना झाला, तपासण्या आल्या, घोडी म्होरकी घेते, चालते, चारही पाय देते. आता तिला बाकीच्यांची भेट घडवायची.

आधी कुंपण बघा. काटेरी तार असेल तर काढा किंवा निदान पहिले पंधरा दिवस त्याच्या आत बांबू लावा. नव्या घोडीला रिकाम्या पडक्यात एकटीला सोडून कडेकडेनं दोन फेऱ्या मारून आणा, म्हणजे पळताना हद्द कुठं आहे हे तिला ठाऊक असेल. अरुंद कोपरा, बोळ, एकच दार असलेला गोठा यांत तिला कुणी कोंडू शकतं, ते बंद करा. कळपातल्या घोड्यांच्या मागच्या पायांचे नाल काढून ठेवले तर फार बरं. उघड्या खुरानं बसलेली लाथ आणि लोखंडानं बसलेली लाथ यात हाड मोडण्याएवढा फरक आहे.

पहिले तीन-चार दिवस शेजारच्या पडक्यात, मध्ये मजबूत कुंपण. नाकाला नाक लावतील, श्वास घेतील, एकदम किंचाळतील, पुढचा पाय आपटतील. हे ओळख करून घेणं आहे, भांडण नाही. तरुण घोडी मोठ्यांपुढं मान लांब करून जबडा उघड-मीट करते, दात वाजवल्यासारखं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं चावणार. खरं तर ती "मी लहान आहे, मारू नका" असं सांगत असते. तीन वर्षांच्या पुढं हे सहसा दिसत नाही.

मग सगळा कळप नको, एकच घोडी. कुठली? सगळ्यात दांडगी नको आणि सगळ्यात गरीबही नको. मधली, वयानं मोठी, एखादं-दोन शिंगरं वाढवलेली असेल तर उत्तमच. दोघींना मोकळ्या जागेत सोडा, शक्यतो गवत असेल तेव्हा, दिवसा, आणि कधीही चंदीच्या वेळी नाही. तीन-चार दिवस दोघी एकत्र चरल्या की बाकीच्यांत जोडीनंच सोडा. पाठीशी एक ओळखीचं जनावर असलं की नवी घोडी एकटी पडत नाही. चार घोडी असतील तर गवताचे पाच ढीग घाला, एकमेकांपासून चांगले लांब. एक ढीग जास्त हवा, म्हणजे हुसकावलेल्या घोडीला जायला जागा राहते. पाण्याच्याही दोन जागा.

पहिल्या दिवशी पळापळ होणार. कान मागं पडतील, चावे निघतील, दुगाण्या झाडल्या जातील. बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो आणि तो काठी घेऊन मध्ये धावतो. तसं करू नका. एक तर लाथ तुम्हाला बसेल, दुसरं म्हणजे त्यांचं ठरायचं ते ठरणार नाही आणि उद्या पुन्हा सुरुवातीपासून. घोड्यांच्या कळपात कोण कुणाला वाट देणार हे ठरलं की बहुतेक वेळा नुसता कान मागं करणं पुरतं. ते ठरेपर्यंतचे दोन-चार दिवस आवाजाचे असतात. अंगावर केस उडालेले दोन-चार ओरखडे येणं साहजिक आहे.

मध्ये पडायचं ते केव्हा? एखादी घोडी तिला कोपऱ्यात धरून मारत असेल आणि ती वळून गेली तरी सोडत नसेल तेव्हा. तिला पाण्याजवळ जाऊच देत नसतील तेव्हा. रक्त येत असेल, ती लंगडत असेल, किंवा आठवड्यात तिच्या बरगड्या दिसू लागल्या तेव्हा. अशा वेळी नवीला बाहेर काढण्याऐवजी मारणारीला चार-पाच दिवस बाजूला ठेवून बघा. परत आली की आता तीच नवखी असते, आणि बऱ्याचदा तिचा ताठा उतरलेला असतो.

घोडा असेल, म्हणजे खच्ची न केलेला नर, तर त्याच्याजवळ तरुण घोडी सोडायची नाही. घोडी वर्ष-सव्वा वर्षाची झाली की माजावर येऊ शकते. गाभण राहिली तर 11 महिने, आणि स्वतःचं अंग अजून भरलेलं नसताना पोटात शिंगरू. आपल्याकडं नर खच्ची करायचा रिवाज कमी, म्हणून ही चूक सारखी घडते आणि "देवाची इच्छा" म्हणून खपून जाते. दोन मजबूत कुंपणं, मध्ये चार-सहा फुटांची मोकळी पट्टी, याला पर्याय नाही.

सगळं जुळायला किती दिवस लागतात? पळापळ बहुधा आठवड्याभरात थांबते. पण मिसळली की नाही ते झोपेवरून कळतं. घोडा उभ्यानं डुलकी घेतो हे सगळ्यांना माहीत असतं. मात्र गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ आडवं व्हावंच लागतं, आणि आडवं होतो तो तेव्हाच जेव्हा कळपातलं दुसरं कुणीतरी उभं राहून लक्ष ठेवतं. नवी घोडी पहिले काही दिवस आडवी होतच नाही. दुपारी कधी गुडघे वाकतात, दचकून पुन्हा उभी राहते. पहाटे जाऊन बघा. एका बाजूच्या केसांत शेण-गवत चिकटलेलं दिसलं की रात्री ती झोपली होती.

त्यानंतर एक काम राहतं. रोज दहा मिनिटं तिला म्होरकीला धरून कळपाच्या नजरेआड न्यायचं आणि परत आणायचं. पहिल्यांदा ती खिंकाळेल, मागं वळून बघेल, कळपातूनही उत्तर येईल. दहाची पंधरा मिनिटं करा, मग बांधापर्यंत, मग रस्त्यापर्यंत. परत आणल्यावर लगेच सोडू नका, दाराशी एक मिनिट शांत उभी राहिली की मगच म्होरकी काढा, नाही तर दार दिसलं की हिसडा मारून पळायची सवय लागते आणि ती सवय पुढं खोगीर चढवल्यावर स्वाराला जड जाते.